तुटण्याआधी खडकाच्या पोटात काय घडते?

ग्रॅनाइटच्या तुकड्यावर दाब वाढवत नेला, तर एका क्षणी तो मोठा आवाज करून फुटतो आणि त्यात आरपार गेलेली एक तिरपी भेग दिसते. ही भेग त्या क्षणी जन्माला आली, की आधीपासून आतल्या आत तयार होत होती? आणि तयार होत असेल, तर तिची चाहूल बाहेरून लागू शकते का? भूकंप, दरडी, बोगदे, खाणी अशा अनेक विषयांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. खडक अपारदर्शक असल्यामुळे त्याचे उत्तर दीर्घ काळ अप्रत्यक्ष पुराव्यांवरच शोधावे लागले. अलीकडे मात्र दाबाखाली असलेल्या खडकाची आतली त्रिमितीय चित्रे क्ष-किरणांच्या मदतीने एकामागून एक घेता येऊ लागली आहेत, आणि त्यांतून मिळालेले उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. काही खडक फुटण्यापूर्वी पुरेशी सूचना देतात, काही जवळजवळ देतच नाहीत, आणि हा फरक खडकात आधीपासून किती बारीक दोष आहेत यावर बराचसा अवलंबून असतो.

दाबल्याने वस्तू चेपली जाते. मग दाबाखाली भेग उघडते कशी, हे आधी पाहिले पाहिजे. खडक दाबून फोडण्यापेक्षा ओढून तोडणे कितीतरी सोपे असते. बहुतेक खडकांची ताणाखालची ताकद त्यांच्या दाबाखालच्या ताकदीच्या साधारण दहाव्या भागाइतकीच असते. खाणीत मोठा दगड फाडताना कारागीर एका ओळीत भोके पाडून त्यांत पाचरी ठोकतात, ते दगडाला दोन्ही बाजूंना ओढण्यासाठीच. १९२० च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने काचेच्या अभ्यासातून असे मांडले की पदार्थाची प्रत्यक्ष ताकद त्यातील अतिसूक्ष्म चिरांवर ठरते, कारण चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. खडकात अशा चिरांना तोटा नसतो. खनिजकणांच्या सीमा, सूक्ष्म छिद्रे आणि खडक थंड होताना पडलेल्या बारीक भेगा त्यात असतातच. वरून दाब आला की तिरप्या चिरेच्या दोन बाजू एकमेकींवरून किंचित घसरतात, त्या घसरण्यामुळे चिरेच्या टोकांशी ताण निर्माण होतो आणि तिथे पंखांसारख्या दोन नव्या भेगा फुटतात. या भेगा वळत वळत दाबाच्या दिशेला समांतर होतात आणि थोडे अंतर जाऊन थांबतात.

त्यांचे थांबणे महत्त्वाचे आहे. काच ओढली तर एक भेग सुटते आणि क्षणात आरपार जाते. चहूबाजूंनी दाबलेल्या खडकात मात्र एकट्या भेगेला फार दूर जाता येत नाही, कारण बाजूचा दाब तिला मिटवू पाहतो. त्यामुळे खडक फुटायचा असेल तर अशा असंख्य छोट्या भेगांनी जन्म घेऊन, वाढून, शेवटी एकमेकींना जोडले जावे लागते. ही जोडणी कुठे सुरू होते, ती साऱ्या खडकात विखुरलेली असते की एका पट्ट्यात एकवटते, आणि किती वेळ चालते, हे प्रश्न चित्राशिवाय नीट सुटत नाहीत.

चित्राविना जे कळत होते तेही थोडे नव्हते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विल्यम ब्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवले की दाब वाढवत असताना, फुटण्याच्या बऱ्याच आधी, खडकाचे घनफळ अपेक्षेपेक्षा जास्त होऊ लागते. याचा अर्थ आत कुठेतरी पोकळी तयार होत आहे. दुसरा मार्ग आवाजाचा होता. प्रत्येक सूक्ष्म भेग उघडताना ध्वनिलहरींचा एक छोटासा स्फोट होतो. नमुन्याभोवती संवेदक लावले की भूकंपाचे केंद्र शोधावे त्याच पद्धतीने त्या भेगेची जागा ठरवता येते. तिसरा मार्ग म्हणजे प्रयोग मध्येच थांबवून, नमुना कापून, त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. यात दोन दोष होते. दाब काढल्याबरोबर काही भेगा मिटतात आणि काही नव्या पडतात, आणि एकदा कापलेला नमुना पुन्हा दाबता येत नाही. दहा टप्पे पाहायचे तर दहा वेगवेगळे नमुने फोडावे लागतात, आणि कोणतेही दोन दगड तंतोतंत सारखे नसतात.

व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेले क्ष-किरण पदार्थातून जाताना क्षीण होतात. किती क्षीण होतील हे पदार्थाची घनता, त्यातील मूलद्रव्यांचे अणुक्रमांक आणि किरणांना कापावे लागणारे अंतर यांवर अवलंबून असते. एका दिशेने घेतलेल्या छायाचित्रात आतल्या सगळ्या वस्तूंच्या सावल्या एकमेकींवर पडलेल्या असतात, त्यामुळे केसाहून बारीक भेग त्यात हरवून जाते. मात्र नमुना थोडा थोडा फिरवून शेकडो दिशांनी छायाचित्रे घेतली, तर आतल्या प्रत्येक बिंदूशी किरण किती शोषले जातात हे गणिताने काढता येते. या गणिताचा पाया योहान राडोन यांनी १९१७ मध्ये घातला आणि १९७१ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये एका रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेतले. रुग्णालयातील सीटी स्कॅन तो हाच. रुग्णाला फिरवता येत नाही म्हणून तिथे किरणांची नळी त्याच्याभोवती फिरते. खडकाची तशी तक्रार नसल्यामुळे प्रयोगशाळेत खडकच फिरवला जातो.

अशा गणनेतून मिळणारे चित्र छोट्या छोट्या घनांचे बनलेले असते. या घनाला व्हॉक्सेल म्हणतात, म्हणजे त्रिमितीतला पिक्सेल. प्रत्येक व्हॉक्सेलला करड्या रंगाची एक छटा मिळते. ग्रॅनाइटमधील लोहयुक्त कृष्णाभ्रक किरण जास्त शोषून घेते, म्हणून ते उजळ दिसते. रिकामी भेग जवळजवळ काहीच शोषत नाही, म्हणून ती काळी दिसते. गारगोटी आणि फेल्डस्पार यांची घनता मात्र इतकी जवळपास असते की त्यांच्या छटांमधला फरक डोळ्याला पटकन कळत नाही. भेगेत पाणी भरलेले असेल तर काम आणखी अवघड होते, कारण हवेच्या तुलनेत पाणी किरण जास्त अडवते आणि भेगेचा काळेपणा फिका पडतो.

साधी प्रयोगशाळेतली क्ष-किरण नळी वापरून खडकाचे असे बारीक चित्र घ्यायला बहुधा तास लागतात. दाबाखालचा खडक तेवढा वेळ स्थिर राहील याची खात्री नसते, आणि त्याच्याभोवतीच्या दाबपात्राच्या भिंतीतूनही किरणांना जायचे असते. म्हणून हे काम सिंक्रोट्रॉनकडे गेले. सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने मोठ्या कड्यात फिरतात आणि चुंबकांनी त्यांचा मार्ग वळवला की अतिशय प्रखर क्ष-किरण बाहेर पडतात. फ्रान्समधील ग्रनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनच्या कड्याचा परीघ ८४४ मीटर आहे. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे आणि त्याच्या एका किरणवाहिनीवर क्ष-किरण चित्रण होते. प्रखरतेखेरीज या किरणांचा आणखी एक फायदा आहे. ते इतके सुसंगत, म्हणजे एका लयीत चालणाऱ्या लहरींचे असतात की भेगेच्या काठावरून जाताना त्यांच्यात व्यतिकरण होते, म्हणजे लहरी एकमेकींना कुठे वाढवतात तर कुठे पुसतात, आणि काठाशी एक उजळ व एक काळी रेघ उमटते, त्यामुळे केवळ शोषणाच्या फरकावर न दिसणारी बारीक भेगही उठून दिसते.

ग्रनोबल येथे फ्रांस्वा रनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हेडीस’ हे यंत्र उभे केले. ग्रीक पुराणकथांतील पाताळाच्या देवाचे हे नाव. २०१६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. नमुना पाच मिलिमीटर व्यासाचा आणि दहा मिलिमीटर उंचीचा, म्हणजे खडूच्या तुकड्याहून बारीक असतो. तो एका धातूच्या पात्रात बसवला जातो, सभोवती तेलाचा दाब दिला जातो, वरून दट्ट्याने भार वाढवला जातो आणि हे सारे यंत्र किरणांच्या झोतात सावकाश फिरते. पात्राची भिंत दाब पेलण्याइतकी जाड, पण किरण आरपार जाऊ देण्याइतकी हलकी हवी, म्हणून ती टायटॅनियमची आहे. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २७ मेगापास्कल, म्हणजे सुमारे २७० वातावरणांइतका दाब वाढतो. या यंत्रात काही किलोमीटर खोलीवरची परिस्थिती निर्माण करता येते. पाच मिलिमीटरच्या त्या दंडगोलावर २०० मेगापास्कलचा उभा दाब द्यायचा, तर सुमारे ४०० किलो वजनाइतका भार लागतो. एक संपूर्ण स्कॅन दोन मिनिटांच्या आत होतो आणि त्यातील व्हॉक्सेलची बाजू ६.५ मायक्रोमीटर असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाडीचा असतो, हे लक्षात घेतले की या बारकाईची कल्पना येते.

इतका छोटा नमुना का, असे कोणीही विचारील. संवेदकावर एका ओळीत साधारण दोन हजार पिक्सेल असतात. नमुन्याची रुंदी त्यात मावली पाहिजे. नमुना दहापट रुंद केला तर व्हॉक्सेलही दहापट मोठा होतो आणि ज्या भेगा पाहायच्या त्याच दिसेनाशा होतात. या विषयातील जवळजवळ प्रत्येक निर्णय आकार, बारकाई आणि वेग यांच्या ओढाताणीत घेतला जातो.

चित्र हाती आले की भेग कोणती आणि खडक कोणता हे ठरवण्याचे काम उरते. वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात जास्त सावधगिरी इथेच लागते. भेग व्हॉक्सेलपेक्षा अरुंद असेल तर त्या व्हॉक्सेलमध्ये थोडी हवा आणि बराच खडक येतो, आणि त्याची छटा काळी न होता किंचित गडद होते. मग कोणत्या छटेपासून पुढे भेग मानायची? सीमारेषा थोडी इकडे सरकवली तर भेगांची संख्या वाढते, थोडी तिकडे सरकवली तर दोन वेगळ्या भेगा जोडलेल्या दिसू लागतात किंवा जोडलेल्या भेगा तुटतात. म्हणून संशोधक फक्त छटेवर विसंबत नाहीत. भेग पातळ पापुद्र्यासारखी पसरलेली असते, म्हणून त्या आकाराच्या रचना वेगळ्या काढणारी गणिती गाळणीही वापरली जाते. यापुढची पायरी आणखी उपयोगी आहे. लागोपाठच्या दोन स्कॅनमध्ये खनिजकणांची नक्षी जवळजवळ तीच असते, फक्त थोडी सरकलेली. नमुन्याचे छोटे छोटे भाग घेऊन प्रत्येक भाग किती आणि कुठे सरकला हे संगणकाने जुळवले की खडक आत कुठे फुगला, कुठे आकसला आणि कुठे घसरला याचा नकाशा मिळतो. स्वतः भेग दिसण्याइतकी रुंद नसली, तरी तिच्यामुळे झालेली हालचाल यात उमटते.

रनार यांच्या गटाने क्वार्ट्झ-मॉन्झोनाइट या ग्रॅनाइटच्या जवळच्या खडकावर केलेले प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. भार एका मर्यादेपलीकडे गेल्यावर सूक्ष्म भेगा जन्मू लागल्या. त्यांचे एकूण घनफळ, ते वाढण्याचा वेग आणि सर्वांत मोठ्या भेगेचा आकार या तिन्ही गोष्टी फुटण्याचा क्षण जवळ येईल तसतशा अधिकाधिक वेगाने वाढत गेल्या. शेवटी दाबाच्या दिशेशी सुमारे ३० अंशांचा कोन करणारे प्रस्तरभंग, म्हणजे ज्यांच्या दोन बाजू एकमेकींवरून घसरतात अशा मोठ्या भेगा, तयार झाले. या वाढीचे गणिती रूप असे होते की तिचा आलेख पुढे वाढवला तर तो एका ठरावीक भाराशी जवळजवळ उभा चढतो. फुटण्याचा क्षण आधी सांगता येणे, निदान तत्त्वतः, शक्य आहे असे यातून सूचित होते.

सगळेच खडक असे वागतात का, हे तपासण्यासाठी एडिनबरा येथील संशोधकांनी एक हुशार तुलना केली, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातला तो सर्वांत बोलका प्रयोग आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एल्सा क्रेग नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या अतिशय बारीक कणांच्या ग्रॅनाइटपासून बर्फावरच्या कर्लिंग या खेळाचे दगड बनतात, आणि ते टणक ठरतात याचे एक कारण म्हणजे या खडकात मुळात भेगा जवळजवळ नसतात. संशोधकांनी त्याचे दोन नमुने घेतले. एक जसाच्या तसा ठेवला. दुसरा तापवला, म्हणजे वेगवेगळी खनिजे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावून त्यात अतिसूक्ष्म भेगांचे जाळे पसरले. दोन्ही नमुने पॅरिसजवळच्या ‘सोलेई’ सिंक्रोट्रॉनमध्ये दाबाखाली फोडले आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांचे चित्र घेतले. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

तापवलेल्या, म्हणजे आधीच सदोष केलेल्या नमुन्यात भेगा हळूहळू एका पट्ट्यात एकवटत गेल्या. त्या एकमेकींपासून किती अंतरापर्यंत परस्परांशी बांधलेल्या आहेत याचे माप फुटण्याच्या क्षणाकडे झेपावत गेले, आणि तो क्षण आलेखावरून स्पष्ट ओळखता आला. न तापवलेल्या, निर्दोष नमुन्यात भेगा विखुरलेल्या राहिल्या. तेच माप वाढले, पण ते कोणत्या क्षणाकडे चालले आहे हे सांगणारी खूण त्यात नव्हती, आणि खडक एकाएकी फुटला. दोष असलेल्या नमुन्याने सूचना दिली, निर्दोष नमुन्याने दिली नाही. कारण समजण्यासारखे आहे. दोष आधीच पसरलेले असतील तर प्रत्येक नवी भेग शेजारच्या दोषाशी अडते, तिथे ताण वाटला जातो आणि नुकसान टप्प्याटप्प्याने होते. दोषच नसतील तर खडक ताण सहन करत राहतो, ऊर्जा साठत जाते, आणि पहिल्या मोठ्या भेगेला अडवणारे आत काहीच नसते. नमुने दोनच होते, हे अर्थात विसरता येत नाही.

या सर्व प्रयोगांत एक उणीव मात्र राहते. स्कॅनला निदान मिनिट-दोन मिनिटे लागतात आणि शेवटची फूट सेकंदाच्या अगदी लहान अंशात संपते. म्हणजे फुटण्याच्या ऐन क्षणाच्या आधीचे चित्र मिळते, नंतरचे मिळते, मधले नाही. यावर जुना उपाय आवाजाचा आहे. १९९१ मध्ये डेव्हिड लॉकनर आणि त्यांच्या अमेरिकी व सोव्हिएत सहकाऱ्यांनी भार देणारे यंत्र आवाज किती भराभर येतात त्याला जोडले; भेगा भराभर फुटू लागल्या की यंत्र आपोआप भार कमी करायचे. त्यामुळे क्षणात होणारी फूट बराच काळ लांबली आणि प्रस्तरभंग सावकाश पुढे सरकताना आवाजांच्या नकाशावर पाहता आला. एडिनबरा येथील गटाने हीच युक्ती क्ष-किरणांशी जोडली. ऑक्सफर्डजवळच्या ‘डायमंड’ सिंक्रोट्रॉनमध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या क्लॅशॅक वालुकाश्माचा नमुना दाबला, फूट लांबवली आणि आवाज व चित्रे एकाच वेळी नोंदवली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की खडकात होणाऱ्या हालचालींचा फार मोठा भाग आवाजाविना घडतो. वाळूचे कण फिरतात, एकमेकांवरून सरकतात, पट्टा तयार होतो, आणि त्यातले फारच थोडे संवेदकांना ऐकू येते.

भूकंपशास्त्रासाठी ही अडचणीची बातमी आहे, कारण खऱ्या प्रस्तरभंगाजवळ आपल्याकडे मुख्यतः आवाजच असतो. महाराष्ट्रात याचे उदाहरण कोयना परिसराचे आहे. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर तिथे भूकंप सुरू झाले, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लहान धक्के आजही थांबलेले नाहीत. हे भूकंप प्रामुख्याने वरच्या बेसाल्टमध्ये न होता त्याखालच्या ग्रॅनाइट आणि नाइस प्रकारच्या जुन्या खडकांत होतात. त्या खडकांपर्यंत पोहोचण्यासाठी गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल वेधनछिद्र घेण्यात आले, ते २०१७ मध्ये पूर्ण झाले आणि बेसाल्टची जाडी तिथे सुमारे सव्वा किलोमीटर निघाली.

सिंक्रोट्रॉनमधला नमुना आणि असा प्रस्तरभंग यांत दोन मोठे फरक आहेत. पहिला आकाराचा: तीन-पाच मिलिमीटरच्या दंडगोलात मर्यादित कण असतात, तर प्रस्तरभंग किलोमीटरमध्ये मोजला जातो, आणि त्यातील सांधे, चुरा आणि पाणी यांची बरोबरी करणारे काही त्या दंडगोलात नसते. दुसरा फरक असा की प्रयोगात अखंड खडक फोडला जातो, तर जमिनीखाली बहुधा पूर्वीच फुटलेला प्रस्तरभंग पुन्हा घसरतो. भेगेतील पाण्याचा दाब वाढला की तिच्या दोन बाजूंना दाबून धरणारा परिणामी दाब कमी होतो आणि ती सहज घसरते. जलाशयाजवळच्या भूकंपांबाबत याच कारणाला महत्त्व दिले जाते. त्यामुळे पुढच्या प्रयोगांत कोरड्या, अखंड नमुन्यांबरोबर पाणी भरलेले आणि आधीच तडा गेलेले नमुनेही दाबावे लागतील. तिथे पाणी भरलेली भेग आणि खडक यांच्यातील छटेचा फरक कमी असल्याने चित्रे वाचणे अधिक कठीण जाते, आणि सरकलेल्या कणांच्या नकाशांवर भिस्त ठेवावी लागते.